कृष्णेची परतभेट

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीकरांच्या घरात बिनबोलावता मुक्कामाला आली होती. आता डिसेंबर उजाडला की सांगलीकर मित्राला गाडीत घालून तिच्या माहेरी, महाबळेश्वराकडे निघतात. 'खरी थंडी अनुभवायची' म्हणून वाईपर्यंत काचा खाली, पसरणी घाटात वर, पाचगणीत हीटर.

मुक्काम मात्र तंबूतच हवा. तापोळ्याला शिवसागराच्या काठी तो भाड्याने मिळतो. आत गादी आणि चार्जिंगची सोय, बाहेर शेकोटी आणि स्पीकर. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होऊनही इथं वाघ का दिसत नाही, ही चर्चा याच स्पीकरशेजारी, ओरडून, रंगते.

पहाटे वेण्णा तलावावर धाव. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की हवा चार-पाच अंशांवर असतानाही गाडीचा टप नि झाडाचं पान उष्णता सोडून शून्याखाली जातात, दव गोठतं. लगेच फोटो, खाली 'मिनी काश्मीर'. शेजारच्या वाफ्यात शेतकरी त्याच दवानं काळवंडलेली स्ट्रॉबेरीची फुलं खुडत असतो. दोघं कानटोपी सावरत त्याच्याकडे जातात आणि विचारतात, "काका, किलोमागं काही कमी होईल का?"