एम.फिल. आहे, नाही, आहे

जबलपुरात एखादी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झाली, की नेपियर टाउनातल्या काकू दारातच अडवतात, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?"

सरकार इतकं भोळं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. आणि परिषदेकडे नोंदणी. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत एम.फिल.च मोडीत काढलं. डिसेंबर २०२३मध्ये प्रवेश घेऊ नका म्हणून बजावलं, आणि महिनाभरात क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ दिली! असं रुग्णाने केलं तर द्विधा मनःस्थिती. आयोगाने केलं तर परिपत्रक.

तेव्हा मुलींनो, फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव शोधा. माहितीपत्रकावर विसंबू नका.