तोरण्यावर रणगाडा

माझी बहीण वेल्ह्याला दिली आहे. त्यामुळे दरवर्षी दिवाळीत भाचा आजोळी, म्हणजे आमच्याकडे भोरला येतो आणि येताना तोरणा घेऊन येतो. आमचे चिरंजीव रोहिड्याचे. अंगणात किल्ला एकच होणार, जागा आणि माती तेवढीच. मग वाटाघाटी होतात आणि बहुतेक वर्षी राजगडावर तह होतो. तहात भाचाच जिंकलेला असतो, कारण राजगडही वेल्ह्याचाच. आता तर तालुक्याचंच नाव राजगड झालंय. पण ही गोष्ट माझ्या मुलाच्या अजून ध्यानात आलेली नाही आणि मी घरात शांतता राहावी म्हणून बोलत नाही.

गेल्या दिवाळीत मात्र तह मोडला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे आणि तोरणा नाही. भाच्याच्या हे फार जिव्हारी लागलं होतं. "मामा, तोरण्यावर धन सापडलं म्हणून राजगड बांधता आला. आणि यादीत धाकट्याचं नाव?" घराण्यातल्या वाटणीचे निवाडे करायला मी काही पंत सचिव नव्हे. म्हटलं, बांधा तोरणा.

विटा रचल्या, गोणपाट टाकलं, चिखल थापला. झुंजार माची एका बाजूला, बुधला माची दुसऱ्या बाजूला, मधे मेंगाईचं देऊळ म्हणून काडेपेटी. उंची भरली तीन फूट. उतारावर हळीव आणि मोहरी पेरून झाली, आणि तेवढ्यात पुण्याच्या काकाची भेट आली: दोघांना एकेक खोकं, दोन्हींत रणगाडा. दोन्ही सेंच्युरियनच. भाच्याचा 1:35 प्रमाणातला, मुलाचा 1:72. काकानं वयाचा विचार करून दिले होते, तंट्याचा विचार न करता.

ज्यांनी असं खोकं कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: आत रणगाडा नसतो. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लोंबणारे तुकडे असतात आणि रणगाडा व्हायचा तो आपल्या कर्तबगारीनं. ते तुकडे नेलकटरनं सोडवायचे, कानशीनं घासायचे, डिंक लावून धरून बसायचं. मोठ्याच्या पट्ट्याच्या एकेका कडीनं माझ्या दोन सुट्ट्या खाल्ल्या. धाकट्याचा पट्टा अख्खा, पण त्याची मशीनगन म्हणजे जिऱ्याएवढी. ती माझ्याच शिंकेनं गेली, अजून सापडायची आहे. पाण्यात भिजवून चिकटवायचे आकडे मी उलटे चिकटवले. सैन्यात ही चूक कितपत गंभीर धरतात, ठाऊक नाही.

दोन्ही उभे राहिले आणि वाद सुरू झाला. कोणाचा भारी? मोठा दिसायला देखणा, वीतभर लांब, त्याचं झाकण उघडतं. धाकटा जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, पण असे सहा-सात मांडले तर जेवणाच्या टेबलावर आख्खी लढाई बसते. म्हणून टेबलावर युद्ध खेळणारे लहान मापांच्याच वाटेला जातात. 1:35 हे मापही कुणी सेनापतीनं ठरवलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीनं साठीच्या दशकात पँथर रणगाडा केला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावल्या ते माप, आणि पुढे जगभर तेच रूढ झालं. आपल्याकडे दारं गोदरेजचं कपाट आत जाईल एवढी ठेवतात, त्यातलाच प्रकार.

मुलांना सेंच्युरियन म्हणजे काय हे सांगावं म्हणून मी जरा इतिहासात शिरलो. 1971 मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल असल्याच रणगाड्यात होते. वय 21, जन्म पुण्याचा. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. तो आजही अहिल्यानगरला जपून ठेवलाय. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. दोघंही थोडा वेळ गप्प बसले. मग मुलानं आपल्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता ठेवलं, आणि भाच्यानं लगेच "मी आधी ठरवलं होतं" म्हणून भांडण पुन्हा सुरू केलं.

निवाडा शेवटी किल्ल्यावर करायचं ठरलं. कुंभाराकडचा मावळा तीन इंच. मोठ्या रणगाड्याशेजारी तो उभा केला तर पैलवान वाटला. धाकट्याशेजारी उभा केला तर त्यानं तो उचलून काखेत मारला असता. सिंहासनावरचे महाराज तर दोन्ही रणगाड्यांना भारी. गवळण, भाजीवाली आणि वाघ हे तिघं एकाच उंचीचे, आणि तिघंही मेंगाईच्या देवळापेक्षा उंच. आमच्या किल्ल्यावर माप ज्याच्या त्याच्या मानावर ठरतं. वाघाचा मान कसा ठरला ते विचारू नये.

असल्या लढाया मांडणारे आम्ही काही पहिले नव्हे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. हा माणूस घरच्या फरशीवर स्प्रिंगच्या तोफांनी शिपाई पाडायचा. खऱ्या रणांगणावर रणगाडा आला 1916 मध्ये. वेल्सनं मात्र 1903 मध्येच एका कथेत तसली यंत्रं कल्पिली होती. तरी त्याच्या खेळात रणगाडा नाही. आमच्या अंगणात तो थेट झुंजार माचीवर होता, म्हणजे वेल्सच्या पुढे आम्ही.

भाचा चौकस. किल्ल्यावरच्या मापांचा गोंधळ पाहून त्यानं कागद घेतला. वेल्ह्यातून तोरण्याची चढण साधारण 700 मीटर, आमचा तोरणा तीन फूट. म्हणजे 1:765 च्या आसपास. मग मावळा केवढा? गुणाकार-भागाकार झाला, खोडला, पुन्हा झाला. उत्तर आलं: दोन मिलिमीटर. उलटं धरलं, मावळा तीन इंचीच ठेवला, तर तोरणा दहा मजली बांधावा लागेल. त्याला मीच परवानगी नाकारली.

"दोन मिलिमीटर म्हणजे किती?" मुलानं विचारलं.

आई ओट्याजवळ चिवड्याची फोडणी करत होती. "मोहरीएवढं," ती म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे आणि मग उतारावर पाहिलं. बरोबर मापाची शिबंदी आम्ही परवाच पेरून बसलो होतो.

भाऊबिजेपर्यंत शिबंदीला दोन-दोन पानं फुटली. धाकटा रणगाडा तिच्यात पुरता गडप झाला. मोठ्याची नळी तेवढी वर दिसत होती. ओवाळणीचं ताट बाजूला ठेवून भाचा मला विचारत होता, की हे नुकसान लढाईत धरायचं की शेतीत.