संगमरवराचे अंमलदार
आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे शहाबादी फरशीवर जेवून, तिच्यावरच सतरंजी पसरून निजून आणि तिच्या सांध्यांत अडकलेले साबुदाणे काडीने कोरून काढून, पुढे निवृत्तीनंतर फंडाची रक्कम हाती पडताच दिवाणखान्यात मकराण्याचा शुभ्र दगड बसवून घेणारी सज्जनांची जी एक जमात आपल्याकडे आहे, तिच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. भूगर्भातील उष्णतेने व दाबाने चुनखडीचेच रूपांतर होऊन संगमरवर बनतो, असे शास्त्र सांगते. आणि शहाबादी फरशीही मूळची चुनखडीच असल्यामुळे, जिला पहार घालून उखडली ती या नव्या पाहुणीची चुलतबहीणच होती, हा वंशवृक्ष यजमानांसमोर मांडण्याचे धाडस मात्र शहाण्याने करू नये.

आमच्या परिचयाचे असे एक गृहस्थ महसूल खात्यात अव्वल कारकून होते. दगड बसेपर्यंत ते घराचे मालक होते. पहिला डाग पडला आणि ते अंमलदार झाले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आम्ल लागले की तो झिजू लागतो, एवढे ज्ञान त्यांना कोठूनसे प्राप्त झाले, आणि त्याच दिवशी लिंबू, चिंच, आमसूल व दही या पिढ्यान्‌पिढ्या घरात राबणाऱ्या पदार्थांची नावे संशयितांच्या यादीत दाखल झाली. कोकणातला मेहुणा सोलकढीची वाटी हाती घेऊन स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू लागला की फर्मान सुटे, “तिथंच संपवा, मग या बाहेर!” एकदा सरबताच्या ओल्या पेल्याने सोफ्यापाशी एक वर्तुळ उमटवलेच. ते दिसत नसे. पण सकाळचे तिरपे ऊन आले की अंमलदार पालथे पडत, गाल जमिनीला लावत, एक डोळा मिटत, आणि चकाकत्या दगडावरचे ते निस्तेज कडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत. ते पुसून जाणार तरी कसे? तेथे काही लागलेले नव्हते. दगडच खाल्ला गेला होता.

मोलकरणीचे जाबजबाब रोज होत.

“मावशी, पाण्यात काय टाकलंत?”

“काय नाय वो दादा, नुसतं पानी.”

“आणि आधी कोरडं झाडलंत ना? वाळू राहिली तर ओरखडे उठतात!”

हे मात्र खरे. काठिण्याच्या दहा अंकी मापावर संगमरवर 3 च्या आसपास आणि वाळूतली गारगोटी 7 वर असल्याने, चपलेखालून आलेला एक कणही वैभवावर रेघ ओढून जातो. पण मावशींनी सहानुभूतीने म्हटले, “त्यापरीस झाकणभर अ‍ॅसिड मारा की, आमच्या चाळीत संडास कसा लखलखीत निघतो!” तेव्हा अंमलदारांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर शंभर पावले घरात येणार म्हणून बंदोबस्त चोख होता. तरीही चिमूटभर हळद सांडली आणि ओल्या पायाखाली गेली. पाहुण्या जाताच पंचनामा झाला. अंमलदारांनी स्वहस्ते धुण्याच्या सोड्याचा लेप त्यावर थापला. क्षाराशी गाठ पडताच हळद लाल होते, हे त्यांच्या दप्तरात नमूद नव्हते. लेपाखालून लालबुंद ठिपका निघालेला पाहून वहिनी शांतपणे म्हणाल्या, “बरं झालं. हळद होती, आता कुंकूही झालं.” पुढे काही दिवसांत तो डाग खिडकीतल्या उन्हाने आपोआप विटून गेला, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, त्याचे श्रेय मात्र अंमलदारांनी सोड्याच्याच खाती जमा केले. कोणी शंका घेतली की ते थेट आग्र्याला जात: प्रत्यक्ष ताजमहालाच्या पिवळटलेल्या भिंतींना पुरातत्त्व खाते 1994 पासून वेळोवेळी मुलतानी मातीचे लेप देत आले आहे, तेथे कोणी हसते का? शहाजहानच्या आणि आपल्या दिवाणखान्यातला दगड एकाच खाणप्रदेशातला, हे सांगताना त्यांची मान जी ताठ होई, ती पाहुणा जिन्याच्या खाली जाईपर्यंत खाली येत नसे.

अखेर निस्तेज कड्यांची संख्या वाढून पॉलिशवाल्या मिस्त्रीला पाचारण करावे लागले. त्याने यंत्राखालचे दगड बदलीत, पांढऱ्या चिखलाचा राडा करीत सबंध खोली घोटून काढली, आणि शेवटी एका पिशवीतली शुभ्र पूड मूठभर भुरभुरवून पाण्यासह अशी काही घासली की छताचा पंखा खाली फिरू लागला. अंमलदारांनी हर्षभरित होऊन पुडीची चौकशी केली.

“ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, साहेब. त्याबिगर चमक येत नाही.”

अंमलदार क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी पावतीवर ‘पॉलिशची पूड’ एवढेच लिहवून घेतले, रक्कम मोजून दिली, आणि मिस्त्रीसाठी केलेले लिंबाचे सरबत त्याला अंगणातच द्यावे, अशी आत ताकीद दिली.