द. वि. का. यांचा डबा

घर आवरायला काढलं की आधी पुस्तकांवरून वाजतं, मग कपड्यांवरून. आमच्याकडे दोन्ही झटपट मिटलं. पुस्तकं वाचनालयानं नेली. कपडे बोहारणीला गेले असते, पण ती हल्ली डोंबिवलीत दिसत नाही, म्हणून ते वॉचमनच्या गावी गेले. घोडं अडलं ते भांड्यांपाशी. कारण त्यातली बरीचशी आमची नव्हतीच.

पूर्वी स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव घालून द्यायचा. ते हातातलं यंत्र करकर करायला लागलं की दात आंबायचे. टिंबाटिंबांची अक्षरं, खाली प्रसंग, वर्ष. माळ्यावरच्या गोणपाटातून असाच एक उभट डबा निघाला. बुडाला पोचा, झाकण दुसऱ्याच कुठल्या डब्याचं, आणि काठाखाली ‘द. वि. का., वास्तुशांत, १९८३’. आमच्या सात पिढ्यांत द. वि. का. कोणी नाही.

“दुसऱ्या मजल्यावरचे काका,” बायकोनं ओट्यापाशी उभ्याउभ्याच सांगितलं. “अनारसे आले होते त्यातून.”

“मग परत का नाही केला?”

“अहो, रिकामा कसा देणार?”

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा जिन्यातला कायदा. पण अनारशांच्या बदल्यात साखर म्हणजे उघड अपमान. म्हणून चकल्या होईपर्यंत थांबायचं. तोवर वरून अळूवड्या यायच्या, दुसऱ्या डब्यातून. त्यामुळे हिशेब कधी मिटायचाच नाही, आणि मला विचाराल तर तो मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा असावी. आमचंही एक ओगराळं सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर गेलं ते गेलंच. सध्या ते बहुधा कॅनडात वरण वाढत असेल.

भंगारवाला म्हणाला, “नावाचं काय करायचं? वजनावर घेतो.” बायकोनं तराजूतून भांडी उचलली. ज्याचं त्याला देऊनच गाव सोडायचं, असा हुकूम निघाला. गुढीपाडव्याला फडके रोडवर उभं राहू, असंही तिनं सुचवलं. गणेश मंदिर संस्थानानं १९९९ साली सुरू केलेल्या स्वागतयात्रेला बाहेर गेलेले डोंबिवलीकरही येतात. भेटेल त्याच्या हातात भांडं ठेवायचं. नऊवारी, फेटे, ढोल आणि मध्ये मी, पिशवीभर पातेली घेऊन. ही योजना मी कशीबशी रद्द करवली.

काका मात्र गावातच होते. २०१७ च्या साहित्य संमेलनात मंडपात भेटले होते, पण तेव्हा डबा कोणालाच आठवला नव्हता. आता ते मानपाडा रोडच्या एका टॉवरमध्ये राहतात. फाटकावर वॉचमननं माझा फोटो काढला आणि मोबाइलवर बघून विचारलं, “पाहुणे, कामवाले की डिलिव्हरी?” पूर्वी काकांकडे जायचं तर जिन्यातूनच हाक मारायचो. मी म्हटलं, “डिलिव्हरी.” खोटं तरी काय होतं त्यात?

डब्यात चिवडा होता. काकांनी डबा फिरवून नाव वाचलं, पोच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा पोचा आमचा नव्हे.” मग सूनबाईंना हाक मारून डबा आत दिला. आम्ही चहा घेतला. माणकोलीच्या पुलामुळे ठाणं किती जवळ आलं आणि स्टेशन मात्र रिक्षावाल्यांमुळे किती लांब गेलं, यावर बोलणं झालं. निघताना सूनबाई डबा घेऊन बाहेर आल्या. जड होता.

“बेसनाचे लाडू आहेत,” काका म्हणाले. “पुण्याला जाताना वाटेत खा. डबा काय, आणाल सवडीनं.”

लेकीला फोन करून तिच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीची उंची विचारून घेतली. डबा दोन बोटं जास्त भरतो. बायको म्हणाली, “आडवा ठेवू.”