मांसाहारी स्पंजाची नवी प्रजाती शोधा: नवशिक्यांसाठी

आधी साहित्य. एक संशोधन-जहाज आणि केबलला बांधून साडेतीन किलोमीटर खाली सोडता येईल असं मानवरहित यान. ऐपत नसेल तर निदान पाणबुड्याचा पोशाख शिवा, तेवढ्यावरही भागू शकतं. जीवशास्त्रज्ञ ज्याँ व्हासले आणि निकोल बूरी-एस्नो यांनी ज्या स्पंजाला शिकार करताना पकडलं, तो भूमध्य समुद्रातल्या एका उथळ गुहेत राहत होता. गुहेतलं पाणी बारमाही थंड, त्यामुळे खोल समुद्रातली मंडळी तिथे बिऱ्हाड करून होती. ही बातमी १९९५ साली ‘नेचर’मध्ये आली. तोवर स्पंज म्हणजे पाणी गाळून पोट भरणारा गरीब प्राणी, असाच समज होता.

आता ओळख. याला तोंड नाही, पोट नाही, जागचं हलणंही नाही. अंगावर सिलिकाचे सूक्ष्म आकडे. धोतराला कुसळं लागावीत तसे चिमुकले कवचधारी जीव त्यांत अडकतात. मग स्पंजाच्या पेशी सरकत येतात, भक्ष्याला गुंडाळतात आणि काही दिवसांत फडशा पाडतात. घाई नाही, मसाला नाही.

रूपावर भाळू नका. कॅलिफोर्नियाजवळ ३,३०० मीटरच्या खाली मिळालेल्या ‘कॉन्ड्रोक्लॅडिया लायरा’च्या पहिल्या नमुन्यांना वीणेसारखी दोनच पाती होती, पुढे सहा पात्यांचेही दिसले. पाती मोजून प्रजाती ठरवणाऱ्याची चांगलीच फजिती झाली असती.

म्हणून तुकडा कापून ब्लीचमध्ये टाका. मांस विरघळतं, सिलिकाच्या सुया आणि आकडे उरतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन मोजायला बसा. आकड्याचं वरचं टोक, खालचं टोक, दात किती, लांबी किती मायक्रोमीटर. पुन्हा मोजा. मग रिडली आणि डेंडी यांचा ‘चॅलेंजर’ समुद्रमोहिमेतल्या स्पंजांवरचा १८८७चा अहवाल उघडा. तुमची ‘नवी’ प्रजाती त्यात आधीच ठाण मांडून बसलेली असू शकते. यान वर यायला तास लागतात, या टेबलावरून उठायला वर्षं.

नसेल बसलेली, तर बारसं करा. स्वतःचं नाव देणं शिष्टसंमत नाही, सासऱ्यांचं चालेल. २०१४ साली एका स्पंजाला सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स यांच्यावरून ‘रिकेट्सी’ म्हटलं गेलं. त्या बिचाऱ्यांचं आयुष्य ओहोटीच्या डबक्यांत वाकून गेलं, आणि नाव पोचलं थेट खोल समुद्रात.

वर्णन छापून येण्याआधी मूळ नमुना संग्रहालयात जमा करा. बाटलीतलं अल्कोहोल उडून जातं, ते अधूनमधून भरावं लागतं. हे काम हमखास नवशिक्याच्याच गळ्यात पडतं.