स्वच्छतामंत्री, इयत्ता सातवी

शाळेच्या बालमंत्रिमंडळात मुख्यमंत्रिपद वक्तृत्वात पहिला येणाऱ्याला जातं, क्रीडाखातं वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला आणि सांस्कृतिक खातं स्नेहसंमेलनात नाच बसवणाऱ्या मुलीला. सगळी वाटणी झाली की एक खातं उरतं आणि एक मुलगी उरते. बाई हजेरीपटातून मान वर करतात आणि म्हणतात, ''स्वच्छता तू बघ गं.'' आपण काय करून बसलो, हे बाईंना दिवाळीपर्यंत कळत नाही.

बाकीचे मंत्री शपथविधीला छातीवर बिल्ला लावतात आणि नंतर वर्षभर काही करत नाहीत. राज्यकारभाराचं इतकं अस्सल शिक्षण दुसऱ्या कुठल्या तासाला मिळत नाही. ही मात्र दुसऱ्याच दिवशी वर्गातली कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी करते. अर्धी पोळी, पेन्सिलीची टरफलं, संपलेल्या रिफिली, वेफर्सच्या पुड्या, चार ओळी लिहून फाडलेली पानं आणि एक डावा मोजा. ''पाठकोरी पानं कोणी टाकली?'' असं ती अशा आवाजात विचारते, की इतिहासाचे सरसुद्धा खिसे चाचपतात.

ही मुलगी पुण्याच्या कुठल्याही शाळेत सापडते. दोन घट्ट वेण्या, कंपासपेटीत एक चिमटा आणि दप्तरात कापडी पिशवी. त्या पिशवीत आणखी एक कापडी पिशवी. ओला कचरा, सुका कचरा आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा ठेवायचा, हे २०१६च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं, असं ती येता-जाता सांगते. आपल्याकडे नियम पाठ असणारे पुष्कळ, पण ते पाळण्यासाठी असतात असा समज हिचाच.

मधल्या सुट्टीत ती डबे तपासते. पोहे संपल्यावर डब्यात उरलेला कढीपत्ता आणि मिरची ओल्यात, केकखालचा कागद सुक्यात. तिच्या प्रश्नांना तोंड देण्यापेक्षा कढीपत्ता गिळून टाकणारी मुलं आहेत. त्यांच्या आया मात्र 'हल्ली डबा चाटूनपुसून येतो' म्हणून खूश. वाढदिवसाच्या दिवशी गोळ्या वाटणाऱ्याच्या मागे ती रिकामी पिशवी घेऊन चालते आणि प्रत्येकाकडून वेष्टन वसूल करते. पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास वेष्टनं. एकोणपन्नास भरली, तर तो तास गणिताचा असला तरी पुढे सरकत नाही.

शिक्षकांनाही सवलत नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो धड रद्दीत जात नाही आणि धड कुजतही नाही, हे तिने स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं की आठवडाभरात तिथे स्टीलचे पेले येतात. ते विसळायचे कोणी यावर दोन सर अजून एकमेकांशी बोलत नाहीत. एकदा तर 'प्लास्टिकमुक्त शाळा' असा मोठा फलक फाटकावर लागतो. पाहुणे येणार असतात, रांगोळी झालेली असते. ही खाली उभी राहून कोपरा चाचपते आणि मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारते, ''सर, फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच ना?'' सर तिच्याकडे बघतात आणि मग शिपाईमामांकडे बघतात. मामा शिडी आणायला जातात आणि पाहुणे जाईपर्यंत परत येत नाहीत.

पण तिची खरी लढाई 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनाशी. कार्यानुभवाच्या तासाला बाटलीची फुलदाणी आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करायचं असतं. काड्या टाकाऊ असाव्यात, तर पालक दुकानातून शंभर काड्यांचं कोरं पाकीट आणतात. बाटली रिकामी मिळत नाही म्हणून भरलेली विकत घेऊन घरातले सगळे संध्याकाळी रंगीत पाणी पितात. वर गोंद, टिकल्या, चमकी आणि थर्माकोल. म्हणजे भंगारवाल्याने हौसेने नेली असती ती बाटली आता कोणीच नेत नाही. परीक्षकांच्या मागून फिरत ही प्रत्येक मांडणीपाशी एकच प्रश्न विचारते, ''प्रदर्शन संपल्यावर हे कुठे जाणार?'' मला विचाराल तर त्या हॉलमध्ये बक्षीस द्यावं अशी वस्तू तो प्रश्नच असतो. बक्षीस फुलदाणीला मिळतं.

अशा मुलीला मैत्रिणी फार नसतात. सिंहगडावर सहल गेली की बाकीच्या जणी मडक्यातल्या दह्याची चव घेत फोटो काढतात आणि ही वाटेवरच्या बाटल्या वेचते. उतरताना पोतं कुणाच्या तरी पाठीवर देते. ते कुणीतरी पुढच्या सहलीला आजारी पडतं. वर वहीत चुगल्या लिहून ठेवण्याची खोडही आहेच. तिच्यावर प्रेम करणं सोपं नाही, हे मान्य करायला हवं.

या मंत्रीणबाई मान खाली घालून ऐकतात ते फक्त एका व्यक्तीचं: सुका कचरा न्यायला येणाऱ्या कचरावेचक मावशींचं. पुण्यात या कष्टकऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३पासून आहे आणि तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला घेतला. मावशी पिशवी नुसती चुरगाळतात आणि आवाजावरून सांगतात, ही चालेल, ही नाही. पाण्याची बाटली पाण्यात बुडते आणि तिचं झाकण तरंगतं, कारण दोघांचं प्लास्टिक वेगळं, हा विज्ञानाचा धडा तिला मावशींनी दिला. दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापू नये, तुकडा पिशवीला लटकताच ठेवावा, नाहीतर एवढासा कपटा कोणाच्या हाती लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून तिच्या घरी कात्रीवर पहारा आहे.

आणि तिच्या कारकिर्दीतला एकमेव पराभवही मावशींच्याच हातून. सहा वर्गांतून जमवलेल्या वेफर्सच्या पुड्यांचं गच्च पोतं तिने अभिमानाने पुढे केलं. मावशींनी एक पुडी उलटी करून आतली चंदेरी बाजू दाखवली. ''बाळा, हे थरावर थर चिकटवलेलं. सोडवायचं कोणी? याला भाव नाही.'' मंत्रीणबाई दोन दिवस गप्प होत्या. वर्गाला वाटलं, सत्तांतर झालं.

तिसऱ्या दिवशी ती थेट कॅन्टीनच्या काकांपुढे जाऊन बसली. गोळा करण्याचं धोरण रद्द, आता आणायचंच नाही. काकांनी धंद्याचं गणित मांडलं, तिने वहीतली उधारी मांडली. कोणत्या सरांची किती, हेही तिच्याकडे तारीखवार होतं. सध्या तिथे चणे-शेंगदाणे आणि चुरमुरे वाटीत मिळतात. वेफर्स फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळतात आणि टपरी तिच्या खात्यात येत नाही, याचं तिला फार दुःख आहे. तिने नगरसेवकांना पत्र लिहिलंय, अर्थातच पाठकोऱ्या कागदावर.

पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल आणि खातं दुसऱ्या कुणाकडे जाईल, अशा आशेवर शाळा दिवस काढते आहे. तिने मात्र पाचवीतल्या दोन मुली आत्ताच तयार करून ठेवल्यात. त्यांच्याकडे चिमटे आहेत. तुम्हाला ती रस्त्यात भेटली, तर तिच्यासमोर शहाळ्याला प्लास्टिकची स्ट्रॉ मागू नका. अशी स्ट्रॉ १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहे आणि ही तारीख तिला पाठ आहे.