साउदम्प्टन ते अंबड, व्हाया कस्टम्स

नगामागे पंचवीस पैसे कमी करून घेण्यासाठी तीन कटिंग चहा आणि दीड तास खर्च करायची नाशिकच्या अंबड एमआयडीसीत रीतच आहे. सीएनसीवर माल काढणारा काय नि पावडर कोटिंगवाला काय, दोघंही या विद्येत तयार. लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये उठवला, तोवर तर किलोवर मिळणाऱ्या लोखंडाचाही तिथे भाव पाडला जाई. अशा मुलखातल्या कारखानदाराच्या गाठीला चार पैसे लागले आणि जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं त्याच्या मनात आलं, की पुढचा बेत ठरलेला : इथे महाग पडते ना, मग विलायतेत जाऊ, तिथल्या डीलरला अंबडचा हिसका दाखवू आणि गाडी बोटीत टाकू. बेत देखणा आहे. खोट एवढीच, की या सबंध प्रवासात भाव पाडायला सर्वांत निरुपयोगी जागा म्हणजे विलायत.

विलायतच का, तर स्टिअरिंग उजवीकडे हवं. म्हणजे इटली, जर्मनी, दुबई आधीच बाद. जपान चालतो, पण तिथे जुन्या गाड्यांचा मोठा व्यवहार डीलरांच्या लिलावात होतो. बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. बटणाला ‘शेवटचं बोला’ म्हणता येत नाही. शिवाय भारतात आणायची गाडी तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही, आणि पुढची निदान पाच वर्षं ती रस्त्यावर धावेल असा दाखला लागतो. अमेरिकेत नेमकं उलटं आहे : गाडीला पंचवीस वर्षं झाली की ती तिथल्या कडक नियमांतून सुटते. त्यामुळे कॉलेजात असताना खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली गाडी अमेरिकन माणसाला प्रौढ वयात दारात उभी करता येते. अंबडकराने पोस्टर जपून ठेवावं. वापरलेली गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच, असाही नियम आहे. कोलकात्याच्या शौकिनाला तो जाचत असेल, आपल्याला मात्र कसारा घाट चढला की घर आलं. सगळ्या नियमावलीत नाशिककराच्या सोयीचं हे एवढंच कलम सापडतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही साउदम्प्टनला किती पैसे मोजले, हे कस्टम्स विचारतं, पावती बघतं आणि बाजूला ठेवतं. त्याचा हिशेब सुरू होतो तो कारखान्याने नव्या गाडीला लावलेल्या किमतीपासून. त्यातून घसारा वजा होतो : पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. समजा, गाडी नवी असताना १ कोटीची होती आणि आता बरोबर दोन वर्षांची आहे. घसारा २८ टक्के, म्हणजे कस्टम्सच्या लेखी ती ७२ लाखांची. आपल्या माणसाने डीलरला रडवून ती ४० लाखांत आणली असली, तरी ७२च. त्यावर सगळं मिळून १३७.५ टक्के सीमाशुल्क, म्हणजे ९९ लाख. दोन्हींची बेरीज १ कोटी ७१ लाख. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनच्या दराने ४० टक्के जीएसटी, म्हणजे ६८ लाख ४० हजार. पुढे महाराष्ट्राचा रस्ता कर : आयात गाडीला २० टक्के, पण २०२५ पासून कमाल ३० लाख. बोटभाडं आणि विमा सोडून द्या, तरी डीलरचे ४० लाख धरून आकडा २ कोटी ३७ लाखांवर जातो. यात घासाघिशीने विलायतेत आणखी ५ लाख वाचवले, तर ते एकूण खर्चाच्या जेमतेम दोन टक्के. तेवढे तर विमानाचं तिकीट, हॉटेल आणि तिथला गारठा मिळून खातील. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा तुटतो. घसाऱ्याच्या कोष्टकाला बोटं नसतात.

याहून सज्जड पुरावा हवा असेल, तर ज्या गाडीचा भाव शून्यापर्यंत पाडला गेला होता ती बघा. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि किल्ल्या मायकेल शूमाकरच्या हातून दिल्या. याहून स्वस्त सौदा कोणी करून दाखवावा! तरीही सुमारे ७५ लाखांच्या त्या फुकट गाडीवर १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क निघालं. सरकारने ते माफ केलं, गदारोळ उठला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर भरणा फियाटने केला. या कथेत व्यवहारी माणूस एकच, सुरतेचा तो व्यापारी, ज्याने २०११ मध्ये ती गाडी विकत घेतली. शुल्क दुसऱ्याने भरलेलं, भांडणं दुसऱ्यांनी केलेली, आणि बोलणी आपल्या भाषेत.

यावर अंबडचे जाणकार गप्प बसणार नाहीत. कोणी म्हणेल, भाऊ लंडनहून कायमचा परत येतोय, त्याच्या सामानात टाकू. टाका; पण गाडी सामानाबरोबर आली म्हणून शुल्क माफ होत नाही. कोणी म्हणेल, आडवाटेने आणू. भूतानमधून तशा आणल्याच्या संशयावरून कस्टम्सने सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने छापे घालून गाड्या उचलल्या. तिसरा हळूच पुदुच्चेरीच्या पासिंगचं सुचवेल. तिथे कर कमी लागतो हे खरं, पण तिथल्या पत्त्यावर राहावंही लागतं. आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त नाशकात राहिली, तर एमएच-१५ करून घेणं भाग आहे.

म्हणून घासाघीस करायचीच, तर भारतात आधीच उतरलेल्या गाडीची करावी. मुंबई-पुण्यात अशा पुष्कळ आहेत, कारण पहिल्या मालकाचा उत्साह बहुधा पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो. तीनशेच्या घरात पळणारी गाडी समृद्धीवर १२०ला अडवली जाते आणि गरवारे पॉइंटला वळली की पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते. विकणाऱ्याने सगळे कर किमतीत जिरवलेले असतात, त्यामुळे इथे दहा टक्के पाडले की ते करांसकट पडतात. आणि इथे आपली विद्याही चालते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गाडी दोन वर्षांची आणि टायर चार महिन्यांचे निघाले, तर ‘फक्त पाच हजार किलोमीटर फिरलीये साहेब’ या वाक्यातून लाखभर तरी तिथेच गळतात. दोन दारांच्या रंगात उन्हात किंचित फरक दिसला, तर काही न बोलता त्या दारापाशी नुसतं उभं राहायचं. विकणारा आपणहून बोलू लागतो.

असा दोन-तीन बैठकांत जमवलेला सौदा परराज्याच्या पासिंगचा असला, तर पेठ रोडच्या आरटीओत येतो आणि तिथे आपला माणूस आवडीचा नंबर मागतो. त्याच नंबरावर दुसऱ्याचाही डोळा असला, तर दोघांनी बंद पाकिटात जास्तीच्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट द्यायचा. मोठा आकडा ज्याचा, नंबर त्याचा. नगामागे पंचवीस पैशांवरून दीड तास वाद घालणारा गृहस्थ तिथे एक शब्द न काढता पाकीट चिकटवतो, आणि चिकटवण्याआधी बँकेत फोन करून आकडा आणखी पन्नास हजारांनी वाढवून घेतो.